तीन अंशांची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना फौजी कंपास आहे. तुमच्या दप्तरातल्या कंपासपेटीत वर्तुळं काढायला असतो, तो नव्हे हं! मी दिशा दाखवणारा. पुस्तकात मला होकायंत्र म्हणतात, पण पलटणीत मला त्या नावानं कुणी कधी हाक मारली नाही. सध्या माझा मुक्काम चंदीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत, एका शिकवणीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात आहे. रविवारी फौजींची मुलं येतात आणि काचेला नाक लावून विचारतात, "ये चलता है क्या?" चलता है, बाळांनो, चलता है. पण कसा, ते जरा नीट बसून ऐका.

माझा जन्म एकोणीसशे सहासष्ट सालचा, देहरादूनचा. पितळेची गोल डबी, तिला बिजागरीचं झाकण, आत अभ्रकाची पातळ तबकडी आणि तिच्या पाठीला लोहचुंबकाची पट्टी. अंगावर काळा कुळकुळीत रंग. तो काही शोभेसाठी नव्हता. उन्हात पितळ चमकलं तर मैलभरावरून शत्रूला दिसतं, म्हणून तो रंग. मला चामड्याची पेटी मिळाली आणि मी एका मराठा पलटणीत रुजू झालो.

खरं सांगतो, त्या दिवसांत मी फार तोऱ्यात असे. बंदुका काय, बार काढून मोकळ्या होतात. रस्ता कोण दाखवतो? मी! चंदीगड शहराला मी तर नाकच मुरडत होतो. सगळे रस्ते पट्टीनं आखलेले आणि चौकाचौकात सेक्टरचे आकडे. तिथं आंधळासुद्धा चुकायचा नाही. माझं खरं राज्य मागच्या शिवालिकच्या टेकड्यांत होतं. तिथले ओढे उन्हाळ्यात कोरडे आणि पावसाळ्यात वेडे, आणि पायवाटा तर सगळ्या एकमेकींच्या बहिणी. तिथं जवान मला डोळ्याला लावत आणि म्हणत, "हा हाय तवर काळजी न्हाई."

फौजेची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. कुठलाच कंपास अगदी शंभर टक्के बरोबर नसतो. प्रत्येकाची थोडीफार चूक असते. ती मोजायची, चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठी पेटीच्या झाकणात आतून चिकटवायची. मग ज्याच्या हाती कंपास जाईल तो तेवढा हिशेब धरून चालतो. माझ्या चिठ्ठीवर होतं, 'अर्धा अंश'. एवढीशी चूक! मी ती चिठ्ठी मिरवत असे.

सत्तर साली हवालदार रघुवीरनं भांडाराच्या वहीत सही केली आणि मी त्याच्या ताब्यात आलो. हा सातारकडचा गडी, उंच आणि अबोल. नायब सुभेदार व्हायची त्याची परीक्षा दसऱ्यानंतर आठ दिवसांनी होती आणि तिच्यात नकाशावाचनाचा मोठा पेपर. सोळा वर्षं नोकरी झाली होती, एकही लाल शाईची नोंद नव्हती. फौजेत शिक्षा झाली की ती लाल शाईनं लिहितात. ती एक नोंद पडली की बढतीचं गाडं तिथंच रुततं. रघुवीरला सराव करायचा होता, म्हणून खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यानं मला चक्क घरी नेलं. हे नियमात बसत नव्हतं. पण 'एका दिवसात काय होतंय,' असं म्हणून त्यानं मला फळीवर ठेवलं आणि तो संध्याकाळच्या हजेरीला गेला.

घरात त्याची बायको कांचन होती. नवी नवरी, गावाहून येऊन जेमतेम चार महिने झालेले. हिंदी येत नाही, पंजाबी तर त्याहून नाही, पण कामाला वाघीण. उद्या खंडेनवमी, म्हणजे घरातल्या हत्यारांची आणि अवजारांची पूजा. तिनं विळी घासली, कोयता घासला, समई घासली, तांब्या घासला. मग तिची नजर माझ्यावर गेली. काळपटलेली, कडांना रंग उडालेली पितळेची डबी! नवरा रोज पट्ट्याचं बक्कल आरशासारखं चकचकीत करून ड्युटीवर जातो, हे ती बघत होती. मग फौजेची ही वस्तू अशी घाण कशी राहिली? बिचारीनं गावाकडून आणलेली चिंच भिजवली, मीठ घेतलं, राख घेतली आणि मला घासायला बसली. मित्रांनो, काय सांगू! मी जन्मात एवढा घाबरलो नव्हतो. चार वर्षांचा रंग तिनं अर्ध्या तासात उतरवला आणि वर मला बादलीत दोनदा बुडवून काढलं.

रघुवीर परत आला तेव्हा मी देवापुढच्या पाटावर सोन्यासारखा झळकत होतो आणि माझ्या कपाळावर कुंकू होतं.

"आवं, बघा की, कसं लखलख करतंय!" कांचन म्हणाली. "निस्तं काळं पडलं हुतं."

रघुवीर पाटाशी धावला. त्यानं मला उचलून हलवलं. आत पाणी डुचमळत होतं आणि तबकडी एका बाजूला लोळली होती.

"अगं, हे काय करून बसलीस!" एवढंच तो बोलला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं कांचन पुढं कितीतरी वर्षं म्हणायची.

सेक्टर तीसमध्ये शास्त्रीय उपकरणांची सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथं राजाभाऊ नावाचे नागपूरकडचे एक कारागीर होते. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांची आणि रघुवीरची ओळख झालेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रघुवीरनं सायकल काढली आणि मनीमाजऱ्याच्या बाजारातून वाट काढत मला त्यांच्या घरी नेलं.

"अरे बाप्पा!" राजाभाऊंनी मला उलटंपालटं केलं. "काहून घासलं बा याले? हा काय तांब्या होय?"

"एवढं नीट करून द्या," रघुवीर म्हणाला. राजाभाऊंनी पुढं काही विचारलं नाही. त्यांनी मला खोललं, दोन दिवस वाळवलं, तबकडी पुन्हा चिकटवली आणि बाहेरून काळा रंग असा झोकदार दिला की मीच मला ओळखेना. परत देताना मात्र ते म्हणाले, "हे पहा, तबकडी ओल्यात सरकली आहे. तीन अंश जास्त दाखवते. आता ती पुन्हा उकलली तर फुटते. माझ्याकून एवढंच होते."

रघुवीर घरी आला तो हलक्या पायानं. "कुणाला पत्ता लागायचा न्हाई," तो कांचनला म्हणाला. "परीक्षेला मी तीन अंशांचा हिशेब धरीन. मग भांडारात जमा करून मोकळा."

मलाही ते पटलं, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? अंगावर नवा रंग, झाकणात तीच 'अर्ध्या अंशा'ची जुनी चिठ्ठी. झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि मला स्वतःला तर काहीच चुकल्यासारखं वाटत नव्हतं. मी अगदी मनापासून उत्तर दाखवत होतो.

कांचन भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "तीन अंश म्हंजी किती वं?"

"थोडंच. लई न्हाई."

"थोडं म्हंजी किती? दावा मला."

बायकोचा हट्ट! रघुवीर तिला क्वार्टरमागच्या मैदानावर घेऊन गेला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक गुलमोहर होता. माझ्या तीन अंशांचा हिशेब धरून त्यानं झाडाची खरी दिशा काढली. मग हिशेब सोडून दिला आणि वर न बघता, फक्त माझ्यावर विश्वास ठेवून चालत सुटला. कांचन मागून पावलं मोजत होती. तीनशे पावलं झाली आणि तो थांबला. झाड उजवीकडं, चांगलं पंधरा पावलांवर राहिलं होतं आणि रघुवीर सांडपाण्याच्या नाल्याच्या काठावर उभा होता.

कांचनच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "आन् तुमी जमा केल्यावर ह्यो दुसऱ्या कुणाच्या हातात जायाचा. त्येला कोन सांगनार?"

रघुवीरनं माझं झाकण मिटलं.

"सोळा वर्सांची नोकरी हाय, ठावं हाय मला," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बढती गेली तर माज्यामुळं गेली. सासूबाई मला धू धू धुतील. पर कुनाचं मानूस गेलं, तर त्ये कुनी भरून द्यायाचं? जावा, सायबास्नी सांगा. माजं नाव सांगा."

रघुवीरचं त्या रात्रीचं जेवण तसंच राहिलं. सकाळी तो मला घेऊन सुभेदार गजानन यांच्यापुढं उभा राहिला. गजानन म्हणजे मिशीला पीळ आणि बोलण्याला धार. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "घरी कुणी नेला?"

"मी, साहेब."

"घासला कुणी?"

"चूक माझी आहे, साहेब. नेला मी."

कांचनचं नाव त्यानं घेतलं नाही. गजानन खुर्चीवरून उठले. मग मला घेऊन बाहेर आले, ठरलेल्या दगडावर उभं राहून समोरच्या डोंगराच्या माथ्यावर त्यांनी मला तीनदा रोखलं. तीनदा तेच उत्तर, वहीत नोंदलेल्या खऱ्या दिशेपेक्षा तीन अंश जास्त. त्यांनी जुनी चिठ्ठी खरवडून काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत नवी चिकटवली: 'हा कंपास तीन अंश जास्त दाखवतो.' खाली सही केली, तारीख घातली.

"कंपास अजून कामाचा आहे," ते म्हणाले. "तुझी मोठ्या साहेबांपुढं शिक्षेसाठी पेशी मात्र होणार. त्यातून मी तुला वाचवणार नाही."

पेशी झाली. लाल शाई पडली. परीक्षेच्या यादीतून रघुवीरचं नाव निघालं ते पुढच्या दोन वर्षांसाठी. कांचननं शेजारणीपाशी सगळं मन मोकळं केलं, मग गोष्ट क्वार्टरांत पसरायला कितीसा वेळ? बायका कांचनला 'चिंचवाली वहिनी' म्हणू लागल्या. ती हसून साजरं करायची आणि घरी येऊन रडायची. आणि मी? मला ती चिठ्ठी डागासारखी वाटे. तीन अंश! भांडारातले दुसरे कंपास माझ्याकडं बघत नसत, असं मला उगीचच वाटायचं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. मी नाईक सुरेशच्या कमरेला होतो. रघुवीर दुसऱ्या कंपनीत, कुठल्यातरी दुसऱ्याच ठिकाणी. एका सकाळी सुरेश दहा जवानांना घेऊन पलीकडच्या रिकाम्या गावाची पाहणी करून परतत होता. मधे सुरुंगांचं मैदान होतं. आपल्या लोकांनी त्यातून वीस पावलं रुंदीचा एक पट्टा मोकळा केला होता, सहाशे पावलं लांब. दोन्ही कडांना पांढरी फीत होती, पण रात्रीत रणगाड्यांनी ती ओढून नेलेली. आणि धुकं असं, की स्वतःचा हात दिसेना. थांबावं तर मागून तोफांचा मारा जवळ येत होता.

सुरेशनं माझी पेटी उघडली आणि चिठ्ठी वाचली.

मागून एक जवान म्हणाला, "नाईकसाहेब, चिठ्ठी वर्षाची जुनी हाय. कंपास तर सरळ दावतोय."

मित्रांनो, मीसुद्धा तेच म्हणत होतो! मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, 'अरे, इकडं चला, मी सांगतो तिकडंच!' चुकणाऱ्याला आपली चूक आतून कधी दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

सुरेश म्हणाला, "चिठ्ठीवर सुभेदारसाहेबांची सही हाय. एकामागं एक या. माझ्या पावलावर पाऊल."

त्यानं पट्ट्याच्या ठरवून दिलेल्या दिशेत तीन अंशांचा हिशेब केला आणि चालू लागला. सहाशे पावलं. कुणी खोकलं नाही. शेवटी पायाखाली आपल्या खंदकाची ओली माती लागली आणि कुणीतरी पुढून नाव विचारलं. अकराच्या अकरा पोचले. तासाभरानं धुकं निवळलं. सुरेशनं वळून बघितलं. मी जिकडं म्हणत होतो तिकडं, आलेल्या वाटेच्या डाव्या अंगाला तीस पावलांवर, सुरुंगांच्या धोक्याची लाल पाटी उभी होती.  मग त्यानं मला बंद केलं आणि पेटीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला.

बहात्तरच्या मार्चमध्ये पलटण चंडीमंदिरला परतली. पहिल्याच रविवारी सुरेश मला घेऊन रघुवीरच्या क्वार्टरवर आला. रघुवीर सुखरूप होता, बाजेवर बसून दाढी करत होता. सुरेश सरळ आत गेला आणि कांचनच्या पायाला त्यानं हात लावला. ती दचकून मागं सरली. त्यानं सगळी हकिकत सांगितली, पाटी आणि तीस पावलांसकट.

कांचन पदर तोंडाला लावून ऐकत होती. "आवं भावजी," ती म्हणाली, "मी तर त्येचं वाटोळं केलं हुतं."

"केलंत, वहिनी. खरंय," सुरेश म्हणाला. "पर ते सांगायला लावलंत. आम्ही अकरा जण त्याच्यावर जेवतोय."

रघुवीरनं वस्तरा खाली ठेवला. त्याच्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता आणि त्यावरून पाणी ओघळत होतं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला पाण्यात बुडवू नका, हे तर मी सांगेनच. पण वस्तू माणसांच्या हाती असतात आणि माणसांच्या हातून त्या बिघडतात. बिघडली तर मुकाट्यानं रंग देऊन फळीवर परत ठेवू नका. पुढं ती कुणाच्या हाती जाणार, ते तुम्हाला ठाऊक नसतं. त्याच्या घरीही कुणीतरी वाट बघत असेल.