दरवेळी मावशींचीच स्क्रीन

रक्तपेढीचा प्रोग्राम हर्षालीनेच लिहिलेला, आणि तीन दिवस तोच अडकत होता. ती पार थकून गेली होती.

"मॅडम, तुमचा दोष नाही," पेढीचे प्रमुख अश्विन सर म्हणाले. "एरर येतो तो फक्त लंकाबाईंच्या स्क्रीनवर. सोमवारपासून त्यांना स्टोअरला पाठवतो."

बावीस वर्षं रक्ताच्या पिशव्या देणाऱ्या लंकाबाई ऐकून न ऐकल्यासारख्या फ्रीजचं दार पुसत राहिल्या.

सर गेल्यावर हर्षाली त्यांच्याजवळ बसली. "मावशी, एकदा करून दाखवा ना."

"काय दाखवू? मी हात लावला का बिघडतं म्हणे. तू पण म्हण."

मावशींनी पिशवी स्कॅन केली. पलीकडे वॉर्डची मागणी भरणाऱ्या निकिताने त्याच रुग्णाचं नाव आधीच उघडलं होतं. प्रोग्राममध्ये मावशींनी पिशवीची नोंद धरलेली, त्यांना रुग्णाची हवी. निकिताने रुग्णाची नोंद धरलेली, तिला त्याच पिशवीची हवी. सोडायला कुणीच तयार नाही. दोन्ही स्क्रीनवर चकरी फिरत राहिली. मग मावशींपुढे लाल पट्टी आली आणि निकिताचं काम सुरळीत पार पडलं.

हर्षालीच्या लक्षात आलं. कुणाची सवय मोडू नये म्हणून तिने दोघींना विचारून विचारून स्क्रीन केल्या होत्या. एकीची पिशवी आधी, दुसरीचा रुग्ण आधी. अशी कोंडी झाली की डेटाबेस एकीचं काम रद्द करतो. जिचं कमी झालंय, तिचं. निकिताच्या सहा नोंदी झालेल्या, मावशींची एकच.

"मावशी, चूक माझी आहे."

"मग सरांना सांग की! मला काय सांगतेस?"

तिने आधी प्रोग्राम बदलला. कुणी काहीही आधी उघडो. धरायचं ते सेव्ह करतानाच, आणि दोघींकडूनही आधी रुग्ण, मग पिशवी. पुन्हा करून पाहिलं. मावशींची स्क्रीन क्षणभर थांबली, निकिताचं आटोपलं, मग मावशींचंही झालं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "हे लेखी द्याल? तुमच्या कंपनीला जाब द्यावा लागेल."

"देते सर," ती हळूच म्हणाली आणि तिथंच कागदावर लिहून सही केली.

बदली रद्द झाल्याचं कळल्यावर मावशी म्हणाल्या, "बरं झालं, बाई. पण तीन दिवस सगळ्यांसमोर जे बोलले मला, ते?"

खिडकीशी रक्ताच्या मागणीची नवी चिठ्ठी आली, मावशी उठल्या.