आतून गोलकीपर

स्वतःला ओळखणे हे मानवजातीपुढचे सर्वांत अवघड काम आहे. शाळेच्या समुपदेशक बाईंनी त्यासाठी बुधवारचा सहावा तास राखून ठेवला होता. नेमकी त्याच तासाला मैदानावर सातवीची मॅच होती, आणि सातवीची गोलकीपर बाईंसमोरच्या खुर्चीत बसली होती, बुटाची सुटलेली नाडी लोंबती ठेवून.

तिला वाचायला जमत नसे. अक्षरे एका जागी थांबतच नसत. अशी मुले स्वतःला कमी लेखतात, हे बाई प्रशिक्षणात शिकून आल्या होत्या. आता फक्त पोरीने कमी लेखायचे बाकी होते.

"वाचता येत नाही, तेव्हा काय वाटतं तुला?"

"वाचता येत नाही असं वाटतं."

"मुलं चिडवतात?"

"भिंत म्हणतात."

"अरेरे!"

"अरेरे काय, बाई? मला चुकवून चेंडू आत जात नाही म्हणून म्हणतात."

"ते झालं बाहेरचं. आतून तू कोण आहेस?"

"आतून पण गोलकीपरच."

बाईंनी चष्मा पुसला. दुखणे फारच खोल गेले होते.

एवढ्यात खिडकीत कॅप्टनचे डोके उगवले. "भिंते, ये की लवकर! गोलात मॉनिटर उभा केलाय. चेंडू आला की हा सभ्यपणे बाजूला होतो!"

"बाई, जाऊ?"

"स्वतःपासून पळू नकोस. धडा वाचायला उभं केलं की काय होतं?"

पोर म्हणाली, "अक्षरं पळतात. सगळे हसतात. तेव्हा मी ढच असते." मग खिडकीकडे पाहून म्हणाली, "पण तो तास संपला ना, बाई. आत्ता मॅच आहे."

बाहेर आरोळी उठली. ती सातवीची नव्हती.

"बाई, रडलं की लवकर सोडता का? गेल्या बुधवारी आमच्या वर्गातल्या चष्मिसला सोडलंत."

'रडलं' या शब्दाची बाई कधीपासून वाट पाहत होत्या. पुढचे त्यांच्या कानांपर्यंत पोचलेच नाही.

"रड, बाळा. मोकळी हो."

पोर मोकळी झाली. पहिला हुंदका कच्चा निघाला, पण मग सूर लागला. बाईंचेही डोळे भरून आले. रुमाल एकच, तो दोघींत फिरला.

"आज तू स्वतःला भेटलीस," बाई गहिवरून म्हणाल्या. "जा."

पोर दारापर्यंत धावली, थबकली, परत आली. बाईंनी श्वास रोखला. आता खरे मन उघडणार!

पोरीने बूट खुर्चीवर ठेवला.

"बाई, एवढी नाडी बांधून द्या ना. मला येत नाही. दोन गाठी मारा."