सुट्टीच्या गुरुवारचा जलसा

कंपनीने फुकट चहा पाजला तरी सयाजी बोऱ्हाडे आधी कपात वाकून बघतो, असं प्रेस शॉपमधली पोरं म्हणायची. सयाजीला त्याचं वाईट वाटत नसे. चिखलीतलं घर सोडून चिंचवडच्या कारखान्यात पत्रा ठोकायला लागल्यापासून त्याने एकच गोष्ट पक्की ओळखली होती, की साहेब गोड बोलायला लागला की आपला खिसा चाचपावा. त्याच्या या संशयी स्वभावामुळेच कामगारांनी त्याला युनियनचा सरचिटणीस केलं होतं.

म्हणून जानेवारीतल्या त्या सोमवारी टाइम ऑफिसबाहेरच्या फळ्यावर सूचना लागली तेव्हा सगळे हसले, पण सयाजीच्या कपाळाला आठी पडली. गुरुवारी, म्हणजे आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, कॅन्टीनमागच्या मैदानात पुण्याच्या कॅम्पातल्या नामांकित बँडचा इलेक्ट्रिक गिटारचा कार्यक्रम होणार होता. कामगारांनी सहकुटुंब यावं, अल्पोपाहाराची सोय आहे.

पगाराचा करार संपून सहा महिने झाले होते. बोलणी अडली होती. शुक्रवारी सकाळी गेट मीटिंग होऊन संपाचा निर्णय व्हायचा होता. आणि आदल्या दिवशी हा जलसा!

"गाणं ऐकायचं, वडा खायचा, घरी जायचं. एवढा काय विचार करतोस राव?" टपरीवर चहा पिताना बबनराव म्हणाला. बबनराव युनियनचा खजिनदार, गडगडाटी हसणारा, सगळ्यांचा दोस्त.

"तमाशा न्हाई, भजन न्हाई, ऑर्केस्ट्रा बी न्हाई," सयाजी म्हणाला. "इंग्रजी बाजा! आपल्यातल्या एकाला तरी कळतंय का त्यातलं? मंग आणलाय कुणासाठी?"

"मालकाच्या पोराला नाद आहे म्हणे."

"नाद हाय तर बंगल्यावर वाजवून घ्यावं की."

संशयाला आणखी एक कारण होतं. कामगार कितीपर्यंत खाली येऊन तडजोड करतील, हे फक्त कमिटीत बोललं गेलं होतं, आणि पुढच्याच बैठकीत कामगारांचं खातं बघणाऱ्या पर्सोनेलच्या साहेबांनी नेमका तोच आकडा हसत हसत पुढे ठेवला होता. कुणीतरी फुटलं होतं. आणि सोमवारपासून मेंटेनन्सचा वायरमन किसन ओव्हाळ दोनदा त्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन आला होता, त्यांच्याबरोबर मैदानात फिरताना दिसला होता. ज्या दिवशी कमिटी बसली, त्या दिवशी युनियनच्या खोलीतला पंखा दुरुस्त करायला आलेलाही किसनच होता. स्टुलावर उभा राहून गुपचूप काम करत होता. ऐकत असणारच. सयाजीने मनात दोन आणि दोन चार केले आणि गणित मिटवून टाकलं.

गुरुवारी तो बायकोला, मंजुळाबाईला घेऊन गेला, पण गाणं ऐकायला म्हणून नव्हे. कोण कुणाशी बोलतं ते बघायला. मैदान भरलं होतं. बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या, पोरं वड्यांच्या टोपल्यांभोवती घिरट्या घालत होती. फळ्यांचं स्टेज, वर लालपिवळ्या दिव्यांच्या माळा, आणि दोन्ही बाजूंना कपाटाएवढे काळे स्पीकर. स्टेजमागे किसन वाकून वायरी जोडत होता. पर्सोनेलचे साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होते. खांद्यावर हात! सयाजीने ते बघून ठेवलं.

"तुम्ही स्टेज सोडून सगळीकडं बघताय," मंजुळाबाई म्हणाली.

"तू गाणं ऐक."

बँडवाले आले. मानेवर केस रुळणारी चार पोरं. त्यातले दोघे गिटारवाले. एक केर्सी नावाचा उंच, हडकुळा पारशी आणि दुसरा बेनी, बुटका, गोव्याकडचा, चष्मा लावलेला. केर्सी माइकवर येऊन मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "नमस्कार. आवाज मोठा आहे. माफी करा."

आणि त्याने तार छेडली.

पुढच्या रांगेतलं एक तान्हं पोर किंचाळून रडायला लागलं. म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, प्रेसला तेल घाला!" आणि अख्खं मैदान हसलं. सयाजी हसला नाही. एवढ्या मोठ्या आवाजात शेजारचा माणूस काय बोलतो तेही ऐकू येत नव्हतं. कुणाच्या कानाला लागून बोलायचं असेल तर हीच वेळ, असं त्याला वाटलं आणि तो डोळ्यांनी साहेबांना शोधू लागला.

पण कान काही डोळ्यांबरोबर जाईनात. आधी नुसता गोंगाट वाटत होता, त्यात हळूहळू ओळख पटायला लागली. मागचा ढोलवाला एकसारखा ठोका देत होता, प्रेस बसते तसा. त्याच्यावर बेनी खाली, जड आवाजात चालला होता, आणि केर्सी वर. एकाने प्रश्न टाकावा, दुसऱ्याने तो उचलून वाकवून परत फेकावा. कीर्तनात मृदंगवाला आणि टाळकरी एकमेकांना डिवचतात तसं. मग केर्सीने एकच सूर धरला आणि बोटाने तार ओढत ओढत तो वर नेला. चांगला पत्रा डायच्या साच्यात ताणला जातो, आता फाटतो की मग फाटतो असं वाटतं आणि तो फाटत नाही, गोल वाटीसारखा होऊन बाहेर येतो, तसा तो सूर. सयाजीच्या अंगावर काटा आला. मैदान चिडीचूप झालं होतं. रडणारं पोरही गप्प झालं होतं.

लगेच सयाजी स्वतःवरच चिडला. "ह्येच पाहिजेल त्यांना," तो पुटपुटला. "आपुन असं तोंड उघडं टाकून बसावं."

तेवढ्यात दिव्यांच्या माळा मंदावल्या. पुन्हा नीट झाल्या. जरा वेळाने पुन्हा मंदावल्या. केर्सीच्या सुराचाही जीव गेल्यासारखा झाला, त्याने दचकून मागे पाहिलं. सयाजीने साहेबांकडे पाहिलं. साहेब घड्याळ बघत होते. पुन्हा दिवे मंदावले, आणि या खेपेला साहेब उठून बाजूला गेले.

सयाजीला वाटलं, सापडलं. किसन दिवे कमीजास्त करून इशारा देतोय!

तो तडक उठून स्टेजमागे गेला. किसन स्विचबोर्डापाशी उकिडवा बसला होता. सयाजीने त्याची कॉलर धरून त्याला उभं केलं.

"कुणाला इशारा करतोस रं?"

"कसला इशारा?" किसन गोंधळला. "सोडा भाऊ, मला बघू द्या. व्होल्टेज पडतंय."

"मला शिकवू नगंस. साहेबाच्या केबिनीत कशापायी जात होतास ते आदी सांग."

किसन उत्तर देणार एवढ्यात गाणं थांबलं आणि केर्सी गिटार गळ्यात अडकवूनच स्टेजच्या मागच्या कडेला आला. तो चिडला होता. "ए दोस्त, काय चाललंय? माझा आवाज बसतो. पुन्हा पुन्हा. तुझ्या लाइनवर कुणी मोठी मशीन चालू करतं का?"

"नाही साहेब, आज सुट्टी आहे. सगळं शॉप बंद आहे."

"बंद नाही," केर्सी ठामपणे म्हणाला. "माझा अँप्लिफायर खोटं बोलत नाही. थोडा वेळ खाली बसतो, मग वर येतो. जड काहीतरी उचलतात आणि ठेवतात."

किसनचा चेहरा बदलला. त्याने सयाजीचा हात कॉलरवरून बाजूला केला, रागाने नव्हे, घाईने. "भाऊ, स्टेजची लाइन मी प्रेस शॉपच्या बोर्डावरून घेतलीय. साहेबांनी सांगितलं होतं कॅन्टीनवरून घे, पण तिथली वायर जुनी होती, मुलंबाळं येणार म्हणून मी न विचारता इकडून घेतली. आणि प्रेस शॉपात जड उचलणारी गोष्ट एकच."

"क्रेन," सयाजी म्हणाला.

दोघे धावले. प्रेस शॉपच्या पुढच्या दाराला कुलूप होतं. वळसा घालून ते नाल्याच्या बाजूला गेले. मागचं मोठं दार सताड उघडं होतं. आत मोजकेच दिवे लागले होते. क्रेनच्या साखळीला एक डाय लटकत होता आणि दाराशी उभ्या ट्रकमध्ये चार आधीच चढवलेले होते. क्रेन चालवणारी माणसं कंपनीतली नव्हती. मैदानात बँड पुन्हा सुरू झाला होता, आणि त्या आवाजात क्रेनचा खडखडाट, साखळ्यांचा आवाज, ट्रकचं इंजिन, सगळं बुडून गेलं होतं.

डाय म्हणजे ज्या साच्यावर पत्रा ठोकून माल घडतो तो लोखंडी ठोकळा. डाय गेले तर प्रेस म्हणजे नुसतं भंगार. ते दुसरीकडे नेऊन तिथे माल काढायचा आणि इथे टाळं लावायचं. मग बसा वर्षभर संप करत. इंग्रजी बाजा कुणासाठी आणलाय, या सयाजीच्या प्रश्नाचं उत्तर समोर लटकत होतं.

"भाऊ, तुम्ही लोकांना आणा," किसन म्हणाला. "मी ट्रकसमोर बसतो."

"एकटा? चाकाखाली घालतील तुला."

"तर लवकर आणा."

सयाजी मैदानाकडे पळाला आणि तसाच स्टेजवर चढला. पर्सोनेलचे साहेब दुसऱ्या बाजूने "ए, खाली उतर!" म्हणत चढले. दोघांच्या मधोमध केर्सी उभा होता. त्याने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा सयाजीच्या घामाघूम चेहऱ्याकडे, आणि तारांवर तळहात ठेवून आवाज बंद केला. बेनीही थांबला.

"मशीन सापडली?" केर्सीने विचारलं.

"व्हय. सापडली."

केर्सीने माइक त्याच्याकडे वळवला आणि स्वतः बाजूला झाला.

सयाजीला भाषणाची सवय होती, पण त्या दिवशी त्याच्या तोंडून एवढंच आलं, "प्रेस शॉपच्या मागं या. डाय पळवत्यात. बायापोरांनी हितंच थांबा, बाकी समदे चला. कुणावर हात टाकायचा न्हाई."

बायापोरं थांबली नाहीत. मंजुळाबाई तर पहिल्या दहात होती. अख्खं मैदान नाल्याच्या बाजूला लोटलं. किसन ट्रकच्या बंपरला पाठ लावून मांडी घालून बसला होता आणि ड्रायव्हर इंजिन गुरगुरवत शिव्या घालत होता. माणसांचा लोंढा बघून त्याने चावी काढली आणि तो उतरून सरळ चालू लागला. साहेब आले, डाय दुरुस्तीला पाठवत होतो म्हणाले. "पाच डाय, सुट्टीच्या दिवशी, बाहेरची माणसं लावून?" कुणीतरी विचारलं. डाय ट्रकमधून उतरवून पुन्हा जागेवर लागेपर्यंत कुणी हललं नाही. बँडवाले सामान बांधून जाताना दाराशी घुटमळले. केर्सीने लटकणाऱ्या डायकडे बघून जीभ बाहेर काढली, एवढा जड आहे होय, अशा अर्थाने.

टाळेबंदी टळली. डाय जागेवर असताना कारखाना बंद ठेवणं मालकालाच परवडणारं नव्हतं. संप झाला तो थोडे दिवस, आणि करार झाला तो कामगारांना फार नाही पण बरा. फितूर कोण होतं तेही करारानंतर बाहेर आलं. बबनरावाचा मेहुणा साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होता, आणि कमिटीतला आकडा बबनराव त्याच्याजवळ जेवताना फुशारकीने बोलून गेला होता. बबनराव चारचौघांत रडला, लोकांनी त्याला माफ केलं, पण कमिटी त्याने सोडली.

सयाजी एका गुरुवारी किसनच्या घरी गेला. पिंपरीच्या वस्तीतली खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, दारात किसनची आई भिमाबाई तांदूळ निवडत बसलेली. तिने पाणी दिलं, चहाला आधण ठेवलं. किसन खाटेवर बसून होता. तो रागावलेला दिसत नव्हता, आणि तेच सयाजीला जास्त जड जात होतं.

"माझं चुकलं," सयाजी म्हणाला. "तू केबिनीत जात होतास म्हनून..."

"स्टेजच्या वायरीसाठी बोलावत होते. विचारलं असतं तर सांगितलं असतं." किसन म्हणाला. "एक विचारू भाऊ? बबनराव पण केबिनमध्ये जायचे. रोज. साहेबांबरोबर सिगारेट ओढायचे. त्यांचा संशय नाही आला तुम्हाला?"

बबनराव सयाजीच्या गावचा, नात्यातला, एका ताटात जेवणारा. ते कारण जिभेवर आलं होतं, आणि ते बोलल्यावर त्याचा अर्थ काय होईल हेही त्याला कळलं होतं. आयुष्यभर त्याने प्रत्येकाच्या मनात काय आहे ते उकरून पाहिलं होतं. आपल्या मनात डोकवायची वेळ कधी आली नव्हती.

"न्हाई आला," तो शेवटी म्हणाला. "आणि का न्हाई आला, ते मला कळलंय. तोंडानं बोलायची लाज वाटती."

भिमाबाईने दोन कप आणून मधे ठेवले. सयाजीने कप उचलला आणि चहा संपेपर्यंत तिथून उठला नाही. जाताना त्याने विचारलं, "बबनरावाची जागा रिकामी हाय कमिटीत. तू येशील का?"

"विचार करून सांगतो," किसन म्हणाला. त्याने महिनाभर विचार केला, आणि सयाजीने एकदाही घाई केली नाही.