धुराड्यातलं वारं

मित्रांनो, मी एक जुनं इंग्लिश घर आहे. दिसायला दोनशे वर्षांचं, वयाने नऊ. दुबईत नऊ वर्षं म्हणजे म्हातारपणच, तेव्हा मला जुनं म्हणायला हरकत नाही.

अल कुसैसच्या पलीकडे, वाळूत माझा जन्म झाला. इथे इंग्लिश घरांची आख्खी ओळ होणार होती. मी त्यातला नमुना. अंग अरुंद, मजले तीन, आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांनी टेकावं म्हणून कोऱ्या ठेवलेल्या भिंती. शेजारी अजून आलेले नाहीत. काळ्या दारावर अर्धगोल काच आहे. विटा म्हणाल तर सिमेंटवर चिकटवलेल्या पातळ चकत्या. एक खिडकी मुद्दाम बुजवलेली आहे. इंग्लंडात खिडक्यांवर कर होता तेव्हा लोक त्या बुजवत. माझ्या खिडकीमागे एसीचा डक्ट आहे.

डोक्यावरचं धुराडं बांधलं खैरुद्दीनने. दापोलीकडचा गवंडी, तीस वर्षं इथे. नकाशात वर धुराडं आणि खाली दिवाणखान्यात शेकोटी होती. धुराडं शोभेचं, बंदच ठेवायचं होतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याने जुन्या दुबईतले वाऱ्याचे मनोरे दुरुस्त केले होते. वरचं वारं पकडून खाली खोलीत सोडणारे. या उन्हात शेकोटी पेटवायला कोण बसलंय, असा सरळ विचार करून त्याने माझ्या धुराड्याला चारी बाजूंनी तोंडं ठेवली. शेकोटीतून वारं येऊ लागलं.

पुढे देखभालीला तोच राहिला. गिऱ्हाईक नसताना एसी बंद असे. तेव्हा शेकोटीशी बसून तो गावी बायकोला, जहांआराला फोन करी. बटण नाही, बिल नाही, अल्लाचं वारं आहे, असं नऊ वर्षं सांगत होता. आता ती पहिल्यांदाच येणार होती, व्हिजिट व्हिसावर, शुक्रवारी पहाटे. आपण बांधलेल्या एका तरी घरात, त्या वाऱ्यात तिला बसवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्याच आठवड्यात विक्री विभागाच्या अनुपमा मॅडमनी पांढरा सोफा आणला आणि त्यावर वाळू सापडली. इंजिनिअर अंकुर गच्चीवर चढून आला.

"खैरुचाचा, चिमणी उघडी ठेवायला कुणी सांगितलं?"

"मग वारं कुठनं येणार, साहेब?"

"तिथून धूर जातो, चाचा."

"कुणाचा धूर?"

अंकुरने हातावरची वाळू झटकली. गुरुवारपर्यंत सील करा, म्हणाला. खैरुद्दीनने शनिवारपर्यंत मुदत मागितली, कारणही सांगितलं. अंकुर वाईट मुलगा नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "थर्सडे म्हणजे थर्सडे."

गुरुवारी खैरुद्दीनने स्वतःच्या हाताने चारी तोंडं बुजवली. एखादी फट ठेवता आली असती. पण कच्चं काम त्याच्या हाताला माहीत नव्हतं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून तो तिला घेऊन आला. माझ्यातलं विक्रीचं ऑफिस तीनला उघडणार होतं. एसी बंद. जुलैचा महिना. सोफ्यावर बसायला तिने नकार दिला आणि शेकोटीशी फरशीवर बसली. तो उभाच राहिला. बंद केल्याचं त्याला सांगायचं होतं. तोंड उघडायच्या आत तिने हात शेकोटीत घातला.

तिच्या ओढणीचा काठ जराही हलत नव्हता. कपाळावरून घाम ओघळत होता, तो तिने पुसला नाही.

"येतंय हो वारं," जहांआरा म्हणाली. "तुम्ही सांगायचात, अगदी तसंच."

खैरुद्दीन मग तिच्या शेजारी बसला.

मित्रांनो, मला रोज पुसतात, दाराचं पितळ चकाकवतात. माझ्या निगेत काही कमी नाही. पण तुमचं घर कुणी बांधलं ते विचारा. तो सापडला, तर त्याला आत बोलवा आणि बसायला सांगा. जमलं तर गुरुवारच्या आधी, बुधवारीच.