पाचशे अक्षरं फुकट

"माणसानं आग शोधली, चाक शोधलं आणि मग निरोप धाडायची सोय शोधली. यातली तिसरी गोष्टच त्याला बुडवणार," असं ड्रायक्लीनरनं जाहीर केलं. हे भाकीत करताना त्याचा हात कोपरापर्यंत एका परक्या विजारीच्या खिशात होता आणि तिथलं चघळलेलं च्युइंगगम सुटत नव्हतं. त्यामुळे बायकोनं ते फारसं मनावर घेतलं नाही.

"मेसेजचं बिल किती आलं?" तिनं विचारलं.

त्यानं आकडा सांगितला. तिनं हातातली इस्त्री उभी करून ठेवली.

दर वाढला होता हे खरं, पण मूळ दुखणं त्याच्या नम्रतेत होतं. आपल्या लिपीत काना-मात्रा धरून सत्तर अक्षरं झाली की मेसेजवाली कंपनी दुसऱ्या मेसेजचे पैसे लावते. आणि याचा निरोप असा: 'सादर नमस्कार. आपण विश्वासानं आमच्या हाती सोपवलेले कपडे धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन आपली वाट पाहत आहेत. सवडीनं यावं, ही नम्र विनंती. कळावे, लोभ असावा. आपला ड्रायक्लीनर.' म्हणजे माणशी तीन मेसेज.

"नुसतं 'कपडे तयार' लिहा ना."

"गिऱ्हाईक आहे ते! कैद्याला हाक मारल्यासारखं 'कपडे तयार' काय?"

कमी लिहिण्यापेक्षा त्यानं न लिहिणं पत्करलं. महिनाभरात दुकान गळ्यापर्यंत भरलं. मेसेज आल्याशिवाय गिऱ्हाईक हलत नाही आणि अनोळखी नंबरचा फोन उचलत नाही. तीनशे बारा धुतलेले कपडे लटकत होते. नवा कपडा घ्यायला जागा नव्हती, मशीन चार दिवस थंड होतं. त्यात एक हॉटेल रोजचे साठ गणवेश धुवायला देणार होतं. मॅनेजर शनिवारी जागा बघायला येणार होता. ते काम मिळालं तर दुकान राहणार, नाही तर महिनाअखेर शटर कायमचं खाली. बायकोनं हे दोनदा मोजून पाहिलं होतं, दोन्ही वेळा शटर खालीच आलं होतं.

बुधवारी तिचा धाकटा भाऊ उपाय घेऊन आला.

"भाऊजी, आमच्या नेटवर्कवर या. मेसेजला पैसे नाहीत. मालकच नाही!"

"मग गल्ल्यावर कोण बसतं?"

"गल्लाच नाही. गावं असतात तसे वेगवेगळे सर्व्हर. ज्याचा त्याचा कारभारी, ज्याचे त्याचे नियम. पण या गावचा निरोप त्या गावाला जातो. आमचा छोटा सर्व्हर मीच चालवतो, दोनशे माणसं आहेत."

"आणि अक्षरं किती?"

"पाचशे."

ड्रायक्लीनरच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

शोधाशोध केल्यावर त्याची एकेचाळीस गिऱ्हाइकं सापडली, बहुतेक शेजारच्या मोठ्या सर्व्हरवर. गुरुवारी सकाळी तासाभरात त्यानं एकेचाळीस पत्रं लिहिली. इतक्या जागेत नुसता नमस्कार घालून भागेना, म्हणून त्यानं केलेल्या कामाचा तपशीलही दिला. 'आदरणीय आहारतज्ज्ञ बाई, आपल्या कोटाच्या आतल्या खिशातलं वितळलेलं चॉकलेट तीन धुण्यांत निघालं.' 'माननीय व्यायामशिक्षक, सांगितल्याप्रमाणे विजारीची कंबर चार बोटं सैल केली आहे.' निरोप खाजगी धाडायचा तर वेगळं बटण दाबावं लागतं, हे मेहुणा सांगायला विसरला होता. सगळी पत्रं चारचौघांत गेली.

दुपारी आहारतज्ज्ञ बाई दुकानात उभ्या.

"माझे पेशंट मला विचारताहेत, कुठल्या कंपनीचं चॉकलेट ते!"

"बाई, डाग मात्र समूळ गेलाय. बघा तरी."

"डाग कोटावरचा गेला हो!" त्यांनी कोट ओढून घेतला आणि तरातरा निघून गेल्या.

"एक गेला," ड्रायक्लीनर हळूच म्हणाला. "तीनशे अकरा राहिले."

संध्याकाळी मेहुण्याचा चेहरा पडला होता. "भाऊजी, मोठ्या सर्व्हरच्या कारभाऱ्यानं जाहिरातबाजी म्हणून आमचा अख्खा सर्व्हर तोडला. तुम्ही एकटे नाही, दोनशेच्या दोनशे वाळीत! आईला तिकडचे नातवाचे फोटो दिसत नाहीत. ती माझ्याशी बोलत नाहीये."

"मी माफी मागतो. सविस्तर लिहितो."

"नको! सविस्तर नको! आम्हाला परत घ्यायचं का, यावर ते मतदान घेणार आहेत. पुढच्या गुरुवारी."

ड्रायक्लीनर स्टुलावर बसला. मेसेजच्या जुन्या खात्यात आधीच पैसे भरलेले नव्वद मेसेज उरले होते. नम्रपणे लिहिलं तर तीस माणसं, उद्धटपणे लिहिलं तर नव्वद. शुक्रवारी सकाळी बायको पाठीशी उभी राहिली आणि त्यानं एकेक शब्द खोडला. आधी लोभ गेला, मग विनंती, मग विश्वास. शेवटी उरला 'नमस्कार'. तोही गेला. 'कपडे तयार. आजच न्या.' नव्वद जणांना गेलं.

चौघांचं उत्तर आलं. तिघांनी विचारलं, 'आपण कोण?' चौथ्यानं पोलिसांत जाईन असं कळवलं. उद्धटपणाच्या भरात 'आपला ड्रायक्लीनर'ही खोडला गेला होता, आणि आता खात्यात एकही मेसेज नव्हता.

शनिवारी अकराला मॅनेजर आला. तो कपड्यांमधून वाट काढत, कुणाकुणाच्या बाह्या तोंडावरून बाजूला सारत मधोमध पोचला.

"काम स्वच्छ आहे तुमचं," तो म्हणाला. "पण साठ गणवेश टांगणार कुठे?"

"घरी!" ड्रायक्लीनर म्हणाला. "दोन खोल्या आहेत. आम्ही स्वयंपाकघरात झोपू."

"स्वयंपाकघरातही तीसेक मावतील," बायको म्हणाली. "आमचं सामान फारसं नाहीये हो."

मॅनेजरनं छताकडे पाहिलं, थंड मशीनवर हात ठेवला.

"नाही जमणार, काका. मला वर उत्तर द्यावं लागतं."

तो दारापर्यंत गेला, थांबला आणि काहीतरी आठवल्यासारखा वळला. बायकोनं नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"एक विचारू?" मॅनेजर संकोचून म्हणाला. "एखादा रिकामा हँगर असेल का? गाडीत कोट चुरगळतो माझा."