काजळीखालचा हात

ओरुरोच्या खाणकामगारांच्या चर्चमध्ये देवदूत मिगेल आणि सैतानाच्या झुंजीचं भिंतभर चित्र आहे. ते साफ करायला ला पासहून हिमेना आली. पहिल्याच सकाळी झाडलोट करणारी तेओदोसिया तिच्यासाठी आपी हे मक्याचं गरम पेय घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "अगं ए पोरी, त्या बोटाला हात लावू नकोस!"

हिमेनाचा कुंचला थबकला. "अहो दोन्या तेओदोसिया, रंग उडालाय. सैतानाला चारच बोटं दिसतायत."

"वेन्सेस्लाओला चारच होती. पाचवं सुरुंगानं नेलं."

वेन्सेस्लाओनं खाण सोडून हे चित्र काढलं होतं. सैतानाला त्यानं स्वतःचा पंजा दिला होता. देवदूताच्या हनुवटीवर तीळ होता. हिमेनानं हळूच तेओदोसियाच्या हनुवटीकडे पाहिलं.

"पाद्री तर म्हणाले, पुण्य पापाला तुडवतंय."

"त्यांना काय डोंबल कळतंय! खाणीतले म्हणतात, जमिनीखालचं कथील सैतानाचं, म्हणजे शेवटी जिंकणार तोच." तेओदोसिया बाकावर टेकली. "खरं सांगू? हे आमचं भांडण आहे."

वेन्सेस्लाओला तिला सीमेपलीकडे ब्वेनोस आयरेसला न्यायचं होतं. तिची आई अंथरुणाला खिळलेली. "जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस," तेओदोसिया त्याला म्हणाली, आणि चित्र संपताच तो खरंच गेला. रागानं तिनं सहा वर्षं इथं पाऊल टाकलं नाही. आली तोवर मेणबत्त्यांच्या काजळीनं दोघांच्या मधला भाग गिळला होता. वर देवदूताची उगारलेली तलवार तेवढी दिसायची, आणि खाली कोसळणारा सैतान.

"मी त्याला ढकलतेय, असं रंगवून गेला मेला. एकवीस वर्षं मी ह्याच्याखाली झाडू मारतेय."

ओला कापूस घेऊन हिमेना काजळीला भिडली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं हाक मारली, "दोन्या, जरा इकडे या."

काजळीखालून देवदूताचा डावा हात निघाला होता. त्यानं सैतानाचं मनगट घट्ट धरलं होतं, खड्ड्यात पडलेल्या माणसाला वर ओढताना धरतात तसं. सैतान कोसळत नव्हता. त्या हातावर लोंबकळत होता.

तेओदोसिया शिडीवर चढली. बराच वेळ बघत राहिली.

"अरे मेल्या," ती पुटपुटली, "तोंडानं बोलायला काय झालं होतं?"

त्याचा पत्ता गावात कुणाकडेच उरला नव्हता. त्या शनिवारी ती सीमेकडून येणाऱ्या बसपाशी जाऊन उभी राहिली. उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "तिकडं वेन्सेस्लाओ नावाचा रंगारी भेटला का हो?"

कुणालाच भेटला नव्हता. पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली.