नाकाचा भरवसा

घर गहाण टाकून नवं मशीन घ्यायचं, या विचाराचाच आठ दिवस मला घोर लागला होता. आमचं ड्रायक्लीनिंगचं मशीन वीस वर्षांचं, पण चालत होतं ना! कपड्यात रसायन राहिलंय का, हे ओळखायला ह्यांचं नाक होतं. कोट बाहेर काढला की अस्तराला नाक लावायचं, ह्यांनी मान हलवली की कोट इस्त्रीला. मीही तशीच शिकले.

मशीनवाला आज होकार घ्यायला आला तो दारातच थबकला. रुमाल नाकाला लावून म्हणाला, "वहिनी, केवढा हा वास! गळतंय तुमचं मशीन."

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही असंच म्हणणार. विकायचंय ना तुम्हाला!"

ह्यांनी लगेच एक कोट हुंगला. "कुठाय वास? उगाच काहीतरी."

कोपऱ्यात आमची सून कपड्यांना चिठ्ठ्या टाचत बसली होती. सातवा महिना. ती हळूच म्हणाली, "आई, येतो वास. मी कधीची सांगतेय."

सांगत होती खरी. मी दर वेळी म्हणायचे, पहिल्या खेपेला सगळ्याचाच वास येतो, नखरे पुरेत. आणि आज परक्यासमोर मला खोटं पाडते? थांबा म्हटलं, दाखवतेच एकेकाला. डाग काढायची अमोनियाची बाटली उचलली, बूच काढलं आणि सरळ माझ्याच नाकाखाली धरली.

डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वास आला नाही. सून मात्र तोंड दाबून बाहेर पळाली.

बाटली ह्यांच्यापुढे केली. त्यांचेही डोळे भरले.

"झोंबतंय," ते म्हणाले.

"आणि वास?"

त्यांनी बाटली पुन्हा नाकाशी नेली, मग बूच लावून टाकलं.

आमची दोघांची नाकं कधी गेली, पत्ताच नव्हता. आणि त्या पोरीला मी सात महिने त्यातच बसवलं होतं.

"घराचं काय गं?" ह्यांनी विचारलं.

"मलाही भीती वाटतेय हो. पण द्या सही करून."

मशीनवाला म्हणाला, "यायला महिना लागेल. तोवर?"

"तोवर दुकान बंद," म्हटलं आणि जुन्या मशीनचं बटण बंद केलं.

बाहेर सून पायरीवर बसून तोंड पुसत होती. मला बघून घाईघाईने उठली. "झालं, आई. येतेच आत. दहाच कोट राहिलेत."